सूर्याच्या नोंदीतला खाडा

मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि वऱ्हाडात नवतपा लागतो. पातूर, बाळापूर, अकोला या पट्ट्यात या नऊ दिवसांची धास्ती जुनी आहे. शेतातली कामे सकाळी दहाच्या आत उरकावी लागतात, दुपारी वाशीम रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि टिनाच्या खोलीत कूलर लावूनही जीव थाऱ्यावर राहत नाही. २०२४च्या मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. कामगारांना पिण्याचे पाणी द्या, पंखे द्या, शिकवणी वर्गांच्या वेळा बदला, हे सांगण्यासाठी जमावबंदीचे कलम वापरावे लागले, इतकी ती वेळ आणीबाणीची होती.

अशा दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येते: नवतप्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो. मोबाइलवर ते शास्त्राच्या नावाने फिरते. आणि त्याला जोडूनच दुसरे वाक्य येते. सूर्यच आता पहिल्यापेक्षा जास्त तापू लागला आहे, त्याला माणूस काय करणार?

पहिल्या वाक्याचा निकाल सोपा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पातूरच्या शिवारात हरभरा उभा असतो आणि रात्री शेकोट्या पेटतात तेव्हा. सर्वांत दूर जाते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. वातावरणाच्या वर, सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटर जागेवर जानेवारीत सुमारे १,४०७ वॉट ऊर्जा पडते, जुलैत सुमारे १,३१७. नवतप्यात हा आकडा १,३२७च्या घरात असतो, वर्षाच्या सरासरीपेक्षा कमीच. होरपळ होते ती वेगळ्या कारणाने. पातूर साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ मेच्या आसपास सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, दिवस तेरा तासांहून मोठा असतो, आभाळ मोकळे असते आणि जमिनीत ओल उरलेली नसते. ओल असती तर उन्हाचा मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडला असता. ती नाही, म्हणून सगळी ऊर्जा माती आणि हवा तापवण्यात जाते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात आणि शेत भिजलेले असते. त्यामुळे त्याची आठवणही कुणी काढत नाही.

दुसरे वाक्य मात्र असे झटकून टाकता येत नाही. सूर्य हा एक तारा आहे, आणि ताऱ्यांचे तेज कमीजास्त होते. आपल्या सूर्याचे तेज वर्षानुवर्षे वाढते आहे का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मोजूनच द्यावे लागते. ते आज आपल्याकडे आहे आणि ते सूर्याच्या बाजूचे आहे. पण ज्या मोजणीवर ते उभे आहे ती अवकाशातल्या मूठभर उपकरणांनी चालवली आहे. तिच्यात एकदा खाडा पडला होता, त्याची किंमत विज्ञानाने अनेक वर्षे मोजली, आणि तसा खाडा पुन्हा पडण्याचा धोका समोर आहे. हा लेख त्या धोक्याबद्दल आहे.

सूर्यावर बोट ठेवण्याची आपल्या देशातली गोष्ट दीडशे वर्षांची तरी आहे. १८७६ ते ७८च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा उजाड केला. त्या दुष्काळातच, १८७७मध्ये, ब्रिटिश प्रशासक विल्यम हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यावरचे डाग आणि दक्षिण भारतातले दुष्काळ यांचा संबंध जोडणारे लेखन केले. डाग कमी झाले की पाऊस कमी होतो, असा त्यांचा सूर होता. हे कुतूहल खोटे नव्हते. पण त्याच काळात देशातून धान्याची निर्यात चालू होती, आणि पुण्याची सार्वजनिक सभा तालुक्या-तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारला दुष्काळाची खरी हकीकत कळवत होती. भूकबळींचे कारण आभाळात सापडले की जमिनीवरच्या कारभाराला जाब विचारणारा आवाज क्षीण होतो. पुढे सौर निरीक्षणासाठी कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली, तिच्यामागे पाऊस आणि सूर्य यांच्या नात्याचा हा शोधही होता. वेधशाळा सुरू झाली ते साल १८९९. त्याच साली वऱ्हाडात छप्पन्नचा (संवत १९५६चा) दुष्काळ सुरू झाला.

१९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी डाग आणि पाऊस यांचा संबंध आकडे मांडून तपासला. तो अगदी दुबळा निघाला. पावसाची चावी त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाच्या हेलकाव्यात सापडू लागली. आज आपण एल निनोबद्दल जे बोलतो त्याचा पाया तिथे आहे. सूर्याला आरोपमुक्त करायला भरपूर नोंदी लागल्या आणि त्या वाचणारा प्रामाणिक माणूस लागला.

मात्र सूर्याची स्वतःची ऊर्जा किती आणि ती बदलते का, हे जमिनीवरून ठरवणे अशक्यच होते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे चार्ल्स ॲबट यांनी आयुष्याची कित्येक दशके यात घातली. हवा कोरडी आणि निर्मळ मिळावी म्हणून कॅलिफोर्नियातले डोंगर, अल्जेरिया, चिलीचे वाळवंट अशा ठिकाणी ठाणी उभारली. सूर्याच्या तेजात चढउतार दिसतात, अशी त्यांची खात्री होती. नंतर कळले की ते चढउतार बहुतांशी आपल्याच वातावरणाचे होते. धूळ, बाष्प, ज्वालामुखीची राख यांच्या पडद्याआडून एक टक्क्याच्या दहाव्या भागाएवढा फरक पकडणे कुणालाही साधले नसते.

ते साधले अवकाशातून. नोव्हेंबर १९७८पासून निंबस-७ या उपग्रहावरच्या उपकरणाने नोंदी सुरू केल्या. फेब्रुवारी १९८०मध्ये सोलर मॅक्सिमम मिशन हा उपग्रह ॲक्रिम नावाचे उपकरण घेऊन गेला. त्यामागे रिचर्ड विल्सन हे शास्त्रज्ञ होते. या उपकरणांचे तत्त्व साधे आहे. आतून काळा केलेला एक छोटा पोकळ शंकू घ्यायचा आणि तो विजेच्या तारेने ठरावीक तापमानाला राखायचा. झडप उघडली की ऊन आत येते, शंकू तापू लागतो, आणि तापमान तेवढेच ठेवायला वीज कमी लागते. जितकी वीज वाचली तितके ऊन आत आले. ऊन ज्या छिद्रातून येते त्याचे क्षेत्रफळ नेमके माहीत असले की हिशेब पुरा. नंतरच्या एका उपकरणात हे छिद्र अर्ध्या चौरस सेंटिमीटरचे होते. त्यातून आत येणारी ऊर्जा वॉटच्या सात शतांश भागाएवढी, आणि तिच्यातला हजारातला एक फरक शोधायचा असतो.

या नोंदींनी पहिल्यांदा खात्रीने सांगितले की सूर्याची ऊर्जा त्याच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर बदलते. डाग जास्त असतात तेव्हा ती किंचित जास्त असते, कारण डाग काळे असले तरी त्यांच्या भोवतीची झळाळती क्षेत्रे ती तूट भरून काढून वर उरतात. हा फरक सुमारे ०.१ टक्का, म्हणजे चौरस मीटरला एक ते सव्वा वॉट.

खरी अडचण यापुढे आहे. निंबसच्या उपकरणाने सूर्याची ऊर्जा सुमारे १,३७२ वॉट सांगितली, पहिल्या ॲक्रिमने सुमारे १,३६७, आणि १९९५मध्ये गेलेल्या सोहो यानावरच्या उपकरणांनी १,३६५च्या पुढे-मागे. २००३मध्ये सोर्स हा उपग्रह गेला, त्याने १,३६१ सांगितले. सूर्य तेवढा मंदावला नव्हता. जुन्या उपकरणांच्या रचनेत थोडा विखुरलेला प्रकाश जादा आत शिरत होता, हे ग्रेग कॉप आणि ज्युडिथ लीन यांनी २०११मध्ये मांडले, आणि आता १,३६१ हाच आकडा जगभर मान्य आहे. पण यातून एक गोष्ट लख्ख झाली. उपकरणा-उपकरणांत दहा-अकरा वॉटचा फरक, आणि सूर्याचा स्वतःचा फरक सव्वा वॉटचा! म्हणजे एक उपकरण बंद पडल्यावर दुसरे पाठवले तर दोन्हींचे आकडे एकमेकांना जोडताच येत नाहीत. जुने चालू असताना नवे वर गेले पाहिजे, दोघांनी काही काळ एकाच सूर्याकडे एकदम पाहिले पाहिजे, तरच नोंदीची साखळी जुळते.

पातूर-वाडेगाव पट्ट्यातल्या लिंबू बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. हवामान आधारित फळपीक विम्याचा निकाल महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर लागतो. ते केंद्र नेमके कडक उन्हाच्या आठवड्यात बंद पडले, तर बागेत जे घडले ते सगळ्या गावाने पाहिलेले असूनही कागदावर सिद्ध होत नाही. त्या कोऱ्या जागी मग ज्याला जे सोयीचे तो ते भरतो.

अवकाशात नेमके हेच झाले. पहिल्या ॲक्रिमचा उपग्रह १९८९मध्ये संपला. त्याची जागा घेणारे दुसरे उपकरण अमेरिकेच्या अवकाश शटलमधून जायचे होते, पण जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजर या शटलचा स्फोट झाला, सात अंतराळवीर गेले, आणि पुढची सगळी उड्डाणे लांबली. दुसरे ॲक्रिम वर गेले ते सप्टेंबर १९९१मध्ये. मधली दोन वर्षे चांगल्या उपकरणाविना गेली. त्या काळात निंबस चालू होता, पण त्याचे उपकरण म्हातारे झाले होते. आणखी एका उपग्रहावरचे उपकरण दोन आठवड्यांतून एकदा काही मिनिटेच सूर्याकडे पाहत होते. निंबसच्या आधाराने साखळी जोडली तर १९८६ आणि १९९६ या, डाग सर्वांत कमी असलेल्या, दोन किमान काळांदरम्यान सूर्याची ऊर्जा किंचित वाढलेली दिसते. दुसऱ्याच्या आधाराने जोडली तर अजिबात वाढलेली दिसत नाही. विल्सन यांनी पहिला निष्कर्ष काढला, स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसचे क्लाउस फ्रोलिश यांनी दुसरा. दोघेही निष्णात, दोघेही प्रामाणिक. निकाल देऊ शकणारा साक्षीदारच त्या दोन वर्षांत जागेवर नव्हता.

वादातला फरक दशकाला ०.०४ टक्क्याच्या आसपास होता, तोही एकाच खाड्यातून निघालेला. पण पृथ्वी तापण्याचा दोष सूर्यावर टाकू पाहणाऱ्यांना तेवढी फट पुरली. तेल आणि कोळशाच्या धुराबद्दल निर्णय घ्यायचे होते त्या नेमक्या वर्षांत ही शंका पुन्हा पुन्हा पुढे केली गेली. खाड्याचे नुकसान असे असते. तो खोटे काही सांगत नाही, फक्त खरे सांगायला कुणी उरत नाही.

पुढचा इतिहासही निश्चिंत करणारा नाही. सोर्स थकत चालला तेव्हा त्याची जागा घ्यायला ग्लोरी नावाचा उपग्रह तयार झाला. ४ मार्च २०११ रोजी उड्डाण झाले, रॉकेटच्या टोकावरचे आवरण सुटलेच नाही, आणि ४२ कोटी डॉलरची मोहीम समुद्रात गेली. आठ वर्षांनी तपासाचा निष्कर्ष आला. आवरणाच्या जोडणीतल्या ॲल्युमिनियमच्या भागांचे चाचणी-दाखले पुरवठादाराने वर्षानुवर्षे खोटे दिले होते. एका कारखान्यातला खोटा कागद आणि सूर्याच्या नोंदीवर आलेले संकट यांत इतके थोडे अंतर आहे. त्या वेळी साखळी वाचली ती शास्त्रज्ञांच्या धडपडीने. सोर्सच्या वेळचे प्रयोगशाळेत राहिलेले जादा उपकरण काढून २०१३च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका उपग्रहावर बसवून पाठवले, आणि बॅटरी जवळजवळ गेलेल्या सोर्सला डिसेंबरमध्ये काही दिवस जागे करून दोघांकडून एकदम मोजून घेतले. त्यानंतर डिसेंबर २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर टीसिस-१ हे उपकरण बसले, आणि २०२०मध्ये सोर्सला निरोप दिला गेला.

आता या जपलेल्या नोंदी काय सांगतात ते पाहू. १९७८पासून चार पूर्ण चक्रे होऊन गेली. त्यांत सूर्याच्या ऊर्जेत टिकून राहिलेली वाढ नाही. २००८-०९चा किमान काळ तर आधीच्यांपेक्षा किंचित मंद होता. याच काळात पृथ्वीचे तापमान सतत चढत गेले, आणि २०२४ हे औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत दीड अंशापलीकडे गेलेले पहिले वर्ष ठरले. सूर्याचा सव्वा वॉटचा चढउतार पृथ्वीच्या गोलावर पसरला आणि परावर्तन वजा केले की ०.२ वॉट उरतो, आणि तोही पुढच्या पाच-सहा वर्षांत ओसरतो. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंचा आणि कणांचा एकत्रित भार, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१च्या अहवालानुसार, चौरस मीटरला सुमारे २.७ वॉट आहे, आणि तो ओसरत नाही. शिवाय सूर्य तापला असता तर हवेचा वरचा थर, स्थितांबर, सुद्धा तापला असता. तो थंड होतो आहे.

आपल्या मातीतला पुरावा याहून बोलका आहे. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात हवामान खात्याने देशभर सौर किरणे मोजण्याची केंद्रे उभारली. त्या कामामागे पुण्यात बसून उपकरणे घडवणाऱ्या ॲना मणी होत्या. त्या केंद्रांच्या नोंदी घेऊन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००७मध्ये दाखवले की १९८१ ते २००४ या काळात भारतात जमिनीवर पोचणारे ऊन दर वर्षी सरासरी ०.८६ वॉटने घटत गेले. कारण सूर्य नव्हे. धूर, काजळी, धूळ यांनी आभाळ मळत गेले. चोवीस वर्षांत ही घट वीस वॉटच्या घरात जाते, सूर्याच्या स्वतःच्या चढउतारापेक्षा कितीतरी मोठी. आणि एवढे ऊन कमी पोचूनही त्याच वर्षांत देशाचे तापमान वाढतच राहिले. पातूरच्या माणसाने नवतप्यात हे लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. दोष सूर्याचा असता तर करण्यासारखे काहीच नव्हते. तो नाही, म्हणून मजुरांच्या कामाच्या वेळा, टिनाच्या छपरांवरचा पांढरा लेप, बसस्थानकावरचे पाणी, रस्ता रुंद करताना गेलेली सावली या सगळ्यांचा जाब मागता येतो, आणि धुराचाही.

या मोजणीत भारत कुठे आहे? इस्रोचे आदित्य-एल१ हे सौर यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोचले. त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली, आणि ती सूर्याच्या पूर्ण बिंबाची अतिनील प्रकाशातली चित्रे घेते. हे काम मोलाचे आहे. अतिनील किरणांचा सूर्याच्या एकूण ऊर्जेत वाटा लहान असला तरी चढउतारात तो मोठा असतो, आणि ओझोनच्या थरावर त्याचा थेट परिणाम होतो. पण आदित्यच्या सात उपकरणांत सूर्याची एकूण ऊर्जा मोजणारे उपकरण नाही. यात आदित्यची उणीव काढण्याचा हेतू नाही, त्याचे उद्दिष्टच वेगळे होते. मात्र ज्या देशात सर्वाधिक माणसे उघड्यावर उन्हात राबतात, त्याने सूर्याचा मूळ आकडा कायम दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यावा, हे मला पटत नाही. चीनने आपल्या फेंगयुन उपग्रहांवर अशी उपकरणे बसवली. नॉर्वेने २०१७मध्ये पंधरा-सोळा किलोच्या छोट्या उपग्रहावर दाव्होसमध्ये बनलेले उपकरण पाठवले. खर्चाच्या आणि वजनाच्या दृष्टीने हे इस्रोच्या आवाक्यातले काम आहे. लागतो तो वीस-तीस वर्षे न चुकता नवे उपकरण पाठवत राहण्याचा निश्चय, ज्यातून छायाचित्रांसारखी बातमी कधी होत नाही. तसा निश्चय आपल्याला अपरिचित नाही. कोडाईकनालमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत, आणि उपग्रहांच्या आधीचा सूर्य कसा होता हे ताडण्यासाठी आज जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतात.

वेळ मात्र कमी आहे. सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा कमाल काळ आल्याचे नासाने ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केले. आता उतार लागेल आणि २०३०च्या आसपास सूर्य पुन्हा किमानावर येईल. तेव्हा तापमान वाढण्याचा वेग थोडा मंदावलेला दिसू शकतो, फार तर अंशाच्या दहाव्या भागाइतका, आणि सूर्य थंडावला, संकट टळले, असे म्हणणारे पुढे येतील. त्यांना उत्तर द्यायचे तर २०३०चा किमान काळ २०१९ आणि २००८च्या किमान काळांशी ताडून पाहावा लागेल. पण टीसिस-१ ज्या अवकाश स्थानकावर बसले आहे ते २०३०नंतर समुद्रात उतरवण्याची योजना आहे, आणि सोहो १९९५चे आहे. पुढची उपकरणे आखलेली आहेत, तशी ग्लोरीही आखलेली होती. जुन्या उपकरणांसोबत दोन वर्षे मोजायचे असेल तर भारताचे उपकरण २०२८च्या सुमारास वर गेले पाहिजे, आणि त्यासाठी निर्णय आत्ताच घ्यावा लागेल.